स्टोव्हची पिन

हेमाचं नाक पुसताना रुमालावर काळी रेघ उमटली, त्या दिवसापासून मला काळुरामशेटची किळस येऊ लागली. तोवर नुसता राग होता. राग आला की मी भांडी जोरात घासते आणि भांडी संपेपर्यंत तो उतरतो. किळसेचं तसं नाही. ती पाण्याच्या तांब्यात दिसते, उशीच्या अभ्र्यावर दिसते, आणि दहा महिन्यांच्या मुलीच्या नाकपुडीत दिसली की मग दुसरं काही दिसतच नाही.

शहाडला आम्ही आलो ते त्रेपन्नच्या दिवाळीनंतर. ह्यांना मोहन्याच्या कारखान्यात नोकरी लागली होती आणि सायकलने जाता येईल अशा अंतरावर काळुरामशेटच्या घरामागच्या दोन खोल्या मिळाल्या. काळुरामशेट मूळचे तिथलेच. आजा-पणजाची भातशेती, बाप उन्हाळ्यात खाडीवर मिठागरात राबलेला. बरीचशी जमीन कारखान्यांकडे गेली तेव्हा त्यांनी घराच्या बाजूला पत्र्याची शेड टाकून पिठाची गिरण बसवली. वीज स्टेशनपर्यंत येऊन थांबलेली, म्हणून गिरण चालायची ऑइल इंजिनावर. इंजिनाची खोली आणि माझं स्वयंपाकघर यांच्यामध्ये चार हातांचा बोळ. त्या बोळात, बरोबर माझ्या खिडकीच्या उंचीला, इंजिनाचं धुराडं बाहेर निघालेलं. आणि धुराड्याच्या तोंडावर गोडेतेलाचा रिकामा डबा उपडा घालून तारेने बांधलेला.

डबा कशासाठी, ते दुसऱ्या दिवशी सकाळी कळलं. इंजिन सुरू झालं आणि डबा बोलायला लागला. पुक्, पुक्, पुक्. फळीवरची भांडी थरथरत पुढे सरकली. हा आवाज उल्हास नदीच्या पलीकडच्या पाड्यांपर्यंत जायचा. तो ऐकला की बायका दळणाच्या टोपल्या डोक्यावर घेऊन निघायच्या, नाही ऐकला तर घरीच थांबायच्या. गिरणीला पाटी नव्हती, तो डबा हीच पाटी. पण धूर जो सरळ वर जायचा तो डब्याच्या बुडाला आपटून आडवा व्हायचा, आणि आडवं म्हणजे माझ्या खिडकीत.

"शेट, ती नळी छपराच्या वर न्या ना," मी पहिल्याच आठवड्यात म्हटलं. "आणि तो डबा काढा."

काळुरामशेट ओट्यावर बसून तंबाखू मळत होते. "डबा काढला तर आवाज कसा जाईल, बाई?"

"आवाज कशाला जायला हवा? दळणाची वेळ ठरवून द्या. आठ ते बारा."

"आमच्या बायांकडं घड्याळ नाय," ते म्हणाले आणि माझ्या मनगटाकडे बघून हसले. बी.एस्सी. झाले तेव्हा वडिलांनी दिलेलं घड्याळ होतं ते. मग त्यांनी पिंक टाकली, ती माझ्या तुळशीच्या कुंडीपासून वीतभर अंतरावर पडली. "मोहन्याला दुसरी गिरण हाय. तिचा आवाज आला न् आमचा नाय आला, तर दळण तिकडं जाईल. गेलेलं दळण परत येत नाय."

इंजिन चालवायचा दगडू. साताऱ्याकडचा, पस्तिशीचा, धुराने एक डोळा कायम बारीक केलेला. सकाळी हँडल मारून इंजिन सुरू करायचं, पट्टा चढवायचा, दिवसभर त्याच्याजवळ बसायचं. हेमा खिडकीचे गज धरून उभी राहायला शिकत होती. तिने त्याच्याकडे पाहिलं की तो गाल फुगवायचा आणि इंजिनाच्या तालात सोडायचा. पुक्, पुक्. हेमा पायाच्या बोटांपर्यंत हसायची. मला त्याच्या तेलकट हातांची जरा शिसारी होती, पण तो तिला हात लावायचा नाही. गजाच्या पलीकडूनच काय ते चालायचं.

जानेवारीत एका सकाळी इंजिन सुरूच होईना. दगडूने हँडल मारून मारून खांदा धरला. बायका टोपल्या घेऊन भिंतीशी ओळीने बसलेल्या. शेवटी त्याने इंजिनाच्या माथ्यावरून बोटभर लांबीचा एक लोखंडी तुकडा सोडवून आणला आणि माझ्या पायरीवर उजेडाला बसून चिंधीने पुसायला लागला.

"काय आहे रे ते?"

"नोझल, वैनी. ह्याच्या टोकाला चार भोकं हायेत, त्यातनं तेल आत उडतं. आता एकबी दिसंना झालंय मला."

मी ते हातात घेतलं. टोकावर काजळीची खपली धरलेली. आणि मला, खरं सांगते, आनंद झाला. पुण्याला रसायनशास्त्र घेऊन पदवी मिळवली होती आणि लग्नानंतर ते सगळं शास्त्र डाळीत सोडा किती घालावा इथपर्यंत उतरलं होतं. दोन वर्षांत पहिल्यांदा कोणीतरी माझ्यापुढे प्रश्न धरला होता. मी दगडूला ज्वलन समजावून सांगितलं. तेल नीट उडालं नाही, हवेत मिसळलं नाही, की त्यातला कार्बन जळायचा राहतो. तोच हा काळा धूर.

"आमचा स्टोव्ह असाच पिवळा भडकतो," मी म्हटलं, "तेव्हा मी काय करते? पिन मारते."

त्या आळीत स्टोव्ह एवढा एकच होता. पत्र्याच्या पट्टीच्या टोकाला केसाएवढी तार असलेली ती पिन मी आतून आणून दिली. दगडूने चारही भोकांतून ती घातली, फिरवली, काढली. दुसऱ्या हँडलला इंजिन सुरू झालं आणि धूर इतका विरळ आला की बोळातलं पलीकडचं गवत दिसलं.

ओळीतली एक बाई म्हणाली, "बाईनं इंजानाचा कान टोचला गो." सगळ्या हसल्या.

"शिकल्याल्या हायेत त्या," दगडू म्हणाला.

संध्याकाळी मी ह्यांना सांगितलं. हे म्हणाले, "अगं, मग गिरणीतच नोकरी धर. मी हेमाला सांभाळतो." पण दोन दिवस मी जमिनीपासून थोडी वरच चालत होते.

आठ-दहा दिवसांनी दगडू पायरीशी आला. "वैनी, पिन." मी दिली. मग सहा दिवसांनी. मग चार. मी कल्याणच्या बाजारातून पिनांचं पाकीट आणून त्याच्यासाठी निराळं ठेवलं. दर खेपेला इंजिन एक-दोन दिवस बरं चालायचं, आणि मग धूर आधीपेक्षा जास्त काळा व्हायचा. दुधावरच्या सायीत काळे ठिपके दिसायला लागले. पापड वाळत घालणं सोडलं. केस धुतले तर पाणी असं निघायचं की बघवायचं नाही. रात्री अंथरुणालासुद्धा त्या धुराचा जळकट, खवट वास.

मी विचार केला. भोकं मोकळी आहेत, म्हणजे दोष तेलात. शेडच्या मागे दोन पिंपं होती, एकात साधं तेल आणि दुसऱ्यात काळंकुट्ट जळकं. काळुरामशेट चांगल्यात वाईट मिसळत असणार. त्यांचे तंबाखूने पिवळे पडलेले दात, ओट्याच्या कडेला सुकलेल्या पिंका, माझ्याकडे न बघता माझ्या घड्याळाकडे बघून बोलणं, सगळं त्या पिंपाशी जुळत होतं. माणूस असा दिसतो तर तेल असंच वापरणार. पुरावा म्हणून मला तेवढं पुरलं.

मग मार्चमध्ये तो रुमाल.

त्या आधीच हेमाला खोकला लागला होता. ती झोपली की मी तिचं झबलं वर करून बघत बसायची, बरगड्यांखाली खड्डा पडतो का. घड्याळ हातात धरून श्वास मोजायची. चाळीस. चव्वेचाळीस. एकदा बावन्न. कल्याणच्या डॉक्टरांनी तिच्या पाठीला नळी लावली आणि डोळे मिटून बराच वेळ ऐकलं.

"घरात चूल आहे का?"

"नाही. स्टोव्ह आहे. बाजूला गिरण आहे, इंजिनाची."

"मग मुलीला तिथून हलवा, नाहीतर धूर हलवा. मी औषध देतो, पण एकीकडे औषध आणि एकीकडे ते, असं फार दिवस चालणार नाही. छाती लहान आहे."

मुलीला हलवायचं कुठे? माहेरी आई नाही, वडील भावाच्या एका खोलीत. फाळणीनंतर निर्वासितांनी भरलेल्या कल्याणच्या आसपास खोली मागायला गेलं की लोक नुसते बघायचे. ह्यांनी दोन रविवार सायकल मारून पाहिली, परत येऊन पायरीवर बसले आणि म्हणाले, "मला तर एवढा काही वास येत नाही गं." दिवसभर रसायनांत उभ्या राहणाऱ्या माणसाचं नाक ते. मी त्यांच्यापुढे रुमाल धरला. त्यांनी तो घडी करून परत दिला, पण घडी केल्याने खोली मिळत नाही.

मी आवडाबाईकडे गेले. काळुरामशेटची आई. ती दिवसभर गिरणीच्या दारात बसून कोणाचं दळण कोणाच्या आधी हे बघायची, आणि तिच्यापुढे शेटसुद्धा आवाज चढवायचे नाहीत. मी हेमाला तिच्यापुढे केलं, छाती कशी वाजते ते ऐकायला सांगितलं.

तिने ऐकलं. मग आपले दोन्ही तळवे माझ्यासमोर उघडले. बोटांच्या मुळाशी चामड्यासारखे घट्टे, तिथली कातडी पिवळी, मेलेली.

"जातां वढलाय का कवा, बाई?"

"नाही."

"मी चाळीस वर्सां वढलाय. पोटात पोर होता तवा पण. ह्या सगळ्या बायांनी वढलाय. आता इंजान वढतंय." तिने तळवे मिटले. "तुना धूर नको तर माळ्यावर जातां पडलाय. काढून देऊ?"

ओळीतल्या बायका हसल्या नाहीत. ते जास्त लागलं.

एप्रिलच्या सुरुवातीला एक दिवस मी सकाळी अकरा लंगोट धुऊन बोळाच्या तोंडाशी वाळत घातले. दुपारी काढायला गेले तर प्रत्येकावर काळ्या ठिपक्यांची चाळण. एक हातात घेऊन चोळला तर ठिपका पसरून चट्टा झाला, तेलकट. हे मी हेमाच्या अंगाला लावणार. हेच तिच्या आत जातंय, ते चोळून काढायला तिथे हात पोचत नाही. मी अकराही लंगोट गोळा केले, गिरणीत गेले आणि दाराशी, जिथे बायका पीठ भरून घेतात, तिथल्या दोरीवर एकाशेजारी एक घातले.

"काय गो हे? लंगोट?" एकीने पदर नाकाला लावला.

"धुतलेले आहेत," मी म्हटलं. "सकाळी सात वाजता धुतले. आता बघा."

दोघी-तिघी उठून जवळ आल्या. एकीने बोट लावलं, बोट पाहिलं, लुगड्याला पुसलं. "ह्योच धूर पिठात पण जातंय का?"

"हवा एकच आहे."

तिने आपली टोपली उचलली. आवडाबाईने तिला नावाने हाक मारली तरी ती थांबली नाही. तिच्यामागून आणखी एक गेली.

काळुरामशेट आतून आले. "बाई, गिरणीच्या दारात पोरीचं लंगोट? काय रीत हाय का नाय?"

"धूर तुमचाच आहे, शेट. मी नुसता वाळत घातलाय."

ते माझ्याकडे बघत राहिले. पहिल्यांदाच घड्याळाकडे नाही, तोंडाकडे. "तसा पण पट्टा वढत नाय पहिल्यासारखा," ते शेवटी म्हणाले. "मिस्त्री बोलावतो ठाण्याहून. आता काढा हे."

विठ्ठल मिस्त्री तिसऱ्या दिवशी आले. बुटके, पन्नाशीचे, पांढरा सदरा घातलेले. नखं स्वच्छ. मी हेमाला खांद्यावर टाकून इंजिनाच्या खोलीच्या दारात उभी राहिले. माझी सगळी तयारी झाली होती. मिस्त्री पिंप उघडतील, वास घेतील, आणि काळुरामशेटचं बिंग बाहेर पडेल.

त्यांनी पिंप उघडलं. दोन बोटांत तेल चोळलं, वास घेतला. "तेल चोख आहे."

"आणि ते दुसऱ्या पिंपातलं?" मी विचारलं.

"त्या जळका तेल खांबांना लावायचा, वाळवी लागत नाय," आवडाबाई बाहेरून म्हणाली. "त्याचा काय?"

"काही नाही," मी म्हटलं.

मिस्त्रींनी दगडूकडून नोझल सोडवून घेतलं आणि इंजिनाच्या बाहेरच, मोकळ्या हवेत, पंपाच्या नळीला जोडलं. "एक पांढरं फडकं द्या कोणी." फडकं माझ्याइतकं कोणाकडे असणार? मी एक लंगोट दिला. दगडू तो दोन हातांत ताणून समोर उभा राहिला.

"हात लांब," मिस्त्री म्हणाले. "खिळ्याला अडकव. ह्या तेलाला जोर असतो, कातडीतून आत शिरतं. एकाचं बोट कापावं लागलेलं पाहिलंय मी."

फडकं खिळ्याला लटकलं. मिस्त्रींनी पंपाचा दांडा दाबला. नोझलच्या टोकातून तेल बाहेर पडलं ते चूळ टाकल्यासारखं. लंगोटावर चार ओले डाग उमटले आणि खाली ओघळले. टोकाशी एक थेंब लोंबत राहिला, मग तोही पडला.

"हे असं," मिस्त्री म्हणाले. "इथनं धुकं निघालं पाहिजे. श्वास सोडल्यासारखं. धुकं झालं तर एका क्षणात सगळं जळतं. थेंब पडला तर थेंबाचं वरचं साल जळतं, आतलं तसंच काळं होऊन बाहेर येतं." त्यांनी खिशातून भिंग काढलं आणि नोझलचं टोक उजेडाकडे धरलं. बराच वेळ बघितलं. "भोकं केवढाली झालीत. ह्यात तार कोणी घातली?"

इंजिन बंद होतं. इतक्या महिन्यांत दिवसाउजेडी ती जागा मी अशी शांत ऐकली नव्हती. आणि त्या शांततेत मला सगळं एकदम कळलं, जे जानेवारीतच कळायला हवं होतं. स्टोव्हमध्ये तेलाची आधीच वाफ झालेली असते, भोकाने नुसती वाट द्यायची. इंजिनात तेल पातळच येतं, आणि भोकच त्याचं धुकं करतं. भोक जितकं बारीक तितकं धुकं बारीक. ते आम्ही खरवडून खरवडून मोठं केलं. मी केलं. पदवी माझी, पिन माझी, पाकीटही मीच आणलं.

दगडूने माझ्याकडे पाहिलं. दोष देणारी नजर नव्हती ती. वर्गात उत्तर विसरलेला मुलगा मास्तरांकडे बघतो, तसं काहीतरी.

"कोणी घातली?" काळुरामशेटनी विचारलं.

हेमा माझ्या खांद्यावर खोकत होती. तिचं पोट माझ्या छातीवर आपटत होतं. मी बोलले तर हा माणूस म्हणेल, तुम्ही केलं, तुम्ही भोगा. नवं नोझल आणणार नाही, आणि उद्यापासून तक्रार करायला मला तोंड राहणार नाही. एवढं मी मोजलं. श्वास मोजते तितक्या नीट मोजलं.

"म्या घातली," दगडू म्हणाला.

"तुना कोणी शिकवला?"

"कुणी न्हाई. आपल्याच मनानं."

दुसऱ्या दिवशी मिस्त्री मुंबईहून नवं नोझल घेऊन आले. बसवताना दगडू पाना धरून शेजारी होता. "ह्याला टोचायचं नाही," मिस्त्री त्याला सांगत होते. "रॉकेलात भिजत ठेवायचं आणि लाकडाच्या काडीने वरची काजळी काढायची. बस." दगडूने मान हलवली. ऐकणारे आम्ही दोघंच होतो, तो आणि खिडकीशी मी. इंजिन सुरू झालं, पट्टा चढला, जातं भरधाव फिरायला लागलं, आणि काळुरामशेटनी दगडूला तिथेच सांगितलं की उद्यापासून येऊ नको. त्याने हात चिंधीला पुसले, चिंधी नीट घडी करून पिंपावर ठेवली आणि गेला. खिडकीकडे बघितलं नाही. हेमा गज धरून उभी होती.

धूर आता असा यायचा की उन्हात शोधावा लागायचा. बारा दिवसांत हेमाचा खोकला उतरला. श्वास छत्तीस. चौतीस. रुमाल पांढरा. ह्यांनी कल्याणहून पेढे आणले आणि म्हणाले, "तुझ्या लंगोटांनी काम केलं." मी पेढा हातात घेतला आणि तसाच फडताळात ठेवून दिला. किळस गेली नव्हती. तिने फक्त जागा बदलली होती. काळुरामशेट पिंक टाकायचे तेव्हा मला आता त्यांचं काही वाटायचं नाही. मला माझे हात धुवावेसे वाटायचे. रोज सकाळी स्टोव्ह पेटवायचा म्हणजे पिन हातात घ्यायचीच, आणि पाकिटात अजून सात होत्या.

दगडूच्या जागी काळुरामशेटचा मेहुणा नाथा आला. तीन आठवडे झाले असतील. सकाळचं दूध उतरवत होते, तर तो पायरीशी उभा. हातात नोझल.

"बाई, इंजान लवकर धरत नाय. काजळी बसलीय. तुमच्याकडं सुई हाय ना?"

"कोण म्हणालं?"

"सगळ्या बाया बोलतात. बाईनं इंजानाचा कान टोचलेला म्हणून."

म्हणजे त्या ओळीतल्या सगळ्यांना ठाऊक होतं. जानेवारीत हसल्या होत्या त्या सगळ्यांना. दगडूला काढलं तेव्हाही ठाऊक होतं. एकीनेही शेटना सांगितलं नव्हतं, आणि एकीनेही मला बोलून दाखवलं नव्हतं. माझे कान तापले.

"नाही," मी म्हटलं. "पिन नाही माझ्याकडे."

"मग राहू दे. तार हाय माझ्याकडं." त्याने दुसरी मूठ उघडली. सायकलच्या ब्रेकच्या तारेतला एक धागा, माझ्या पिनेच्या दुप्पट जाड.

पाठीमागे हेमा गजाशी उभी राहून डबा वाजायची वाट बघत होती. स्वच्छ छातीने, काहीतरी बडबडत. महिन्यापूर्वी तिच्यासाठीच मी तोंड बंद ठेवलं होतं. मी नाथाच्या हातातून नोझल काढून घेतलं आणि ओट्यावर गेले. तो "बाई, बाई" करत मागे आला.

"शेट, ह्यात तार घालू देऊ नका," मी म्हटलं. "रॉकेलात भिजवायचं आणि लाकडाच्या काडीने पुसायचं. मिस्त्रींनी दगडूला सांगितलं होतं. मागचं नोझल दगडूने नाही बिघडवलं. मी बिघडवलं. पिन मी दिली, कशी घालायची ते मी सांगितलं. दर वेळी मीच देत होते."

काळुरामशेटचं तंबाखू मळणं थांबलं. मी ओरडण्याची वाट पाहिली. ते ओरडले असते तर बरं झालं असतं.

"शिकल्याल्या ना तुम्ही," ते म्हणाले. नुसतं विचारल्यासारखं.

"हो."

"न् दगडू का नाय बोलला?"

ते माझ्या मागे, खिडकीतल्या हेमाकडे बघत होते. मग त्यांनी पिंक टाकली, तुळशीपासून चांगली लांब. "नाथ्याला धड हँडल पण मारता येत नाय. दगडू खडवलीला हाय, वीटभट्टीवर. पण मी निरोप नाय धाडणार, बाई. मी हाकलला तो तुमच्यामुळं. तुम्ही आणा."

दुसऱ्या दिवशी मी हेमाला घेऊन खडवलीला उतरले. भट्टी नदीकडे, धूर लांबूनच दिसत होता, ओल्या लाकडाचा, पिवळट. हेमाच्या तोंडावर पदर धरून मी जाता येईल तितकीच जवळ गेले आणि एकाला सांगून दगडूला बोलावून घेतलं. तो आला. हाताला विटांची लाल भुकटी, बोटं चिरलेली, आता दोन्ही डोळे बारीक.

"पोरगी बरी हाय न्हवं?"

"बरी आहे. खोकला गेला." मी वाटेत बरीच वाक्यं जुळवली होती. "शेटना मी सांगितलं सगळं. त्यांनी परत बोलावलंय तुला. मी त्या दिवशीच बोलायला हवं होतं."

मला वाटत होतं तो म्हणेल, जाऊ द्या वैनी.

"व्हय, बोलायला हवं हुतं," दगडू म्हणाला. मग धुराची दिशा बघून तो आमच्या आणि भट्टीच्या मध्ये येऊन उभा राहिला. "पोरीला हितं आणायचं न्हाई. जावा तुम्ही. उद्या येतो."

तो आला. डबा तसाच उपडा आहे, धुराडं तसंच माझ्या खिडकीसमोर. नळी छपरावर न्यायचं मी पुन्हा एकदा म्हणून पाहिलं, शेट पुन्हा घड्याळाकडे बघून हसले. दगडू आठवड्यातून एकदा नोझल रॉकेलाच्या वाटीत भिजत ठेवतो आणि कडुलिंबाची काडी घेऊन पुसत बसतो, पण माझ्या पायरीवर नाही. आवडाबाईच्या ओट्यावर. विडी पेटवायची असली तरी तिकडे जातो. समोर आले तर मान हलवतो. वैनी म्हणत नाही.

रोज पहिला पुक् झाला की मी दूध सोडून खिडकीशी येते आणि धुराचा रंग बघते. रंग ठीक असला की मागे सरते, दाराच्या आड. कारण मी मागे सरले आहे अशी खात्री झाल्याशिवाय दगडू गाल फुगवत नाही. मग हेमा हसते, पायाच्या बोटांपर्यंत. तिचं हसणं संपेपर्यंत मी तिथे, दाराच्या आड, उभी राहते.